थंड देशात राहायला जाताना: पारा किती उतरतो, एवढं विचारून भागत नाही

थंड देशात जायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘तिकडे पारा किती उतरतो?’ कुणीतरी सांगतं, उणे तीस. मग सगळी तयारी त्या एका आकड्याभोवती होते आणि बहुतेक पैसे सर्वांत जाड जॅकेटवर जातात. उणे तीसचे दिवस बहुतेक ठिकाणी मोजकेच असतात आणि त्या दिवसांत सगळेच जपून वागतात. पहिला हिवाळा जड जातो तो वेगळ्याच गोष्टींमुळे. गारठा पाच-पाच महिने हटत नाही, दुपारी साडेतीनला दिवे लावावे लागतात, बूट वाळत नाहीत आणि भाड्याच्या घरात बाहेरच्या भिंतीजवळ बसवत नाही. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट निघण्याआधी तपासता येते.

थंडी थंडीत किती फरक असतो ते दोन शहरांवरून बघू. कॅनडातल्या विनिपेगचं जानेवारीचं सरासरी तापमान सुमारे उणे १६ अंश असतं, तर आइसलँडची राजधानी रेक्याविकचं शून्याच्या आसपास. आकडे बघून रेक्याविक सोपं वाटेल. पण विनिपेगची थंडी कोरडी असते, आभाळ बरेचदा निरभ्र असतं आणि बर्फ भुरभुरीत पडतो, हाताने झटकला की कपड्यांवरून उडून जातो. वर्षातला सर्वांत लहान दिवसही आठ तासांचा असतो. रेक्याविकमध्ये तोच दिवस चार तासांहून जेमतेम मोठा भरतो, वारा जोराचा असतो, आणि पाऊस, बर्फ, पुन्हा पाऊस हे सगळं एका दुपारीत उरकतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बर्गनला जानेवारीची सरासरी शून्याच्या वर असते, पण वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पावसाचे असतात. तिथे जाड जॅकेटपेक्षा पावसाळी पँट जास्त कामाला येते. एका ठिकाणची तयारी करून दुसऱ्या ठिकाणी गेलं की फसगत ठरलेली.

म्हणून ज्या शहरात राहायचं आहे, त्याची महिनावार सरासरी त्या देशाच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर शोधा. विक्रमी नीचांक सोडून द्या. सरासरी शून्याखाली असलेले महिने किती, हे आधी मोजा. मग महिन्यातले सूर्यप्रकाशाचे तास आणि वाऱ्याचा वेग बघा. शेवटी दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान शेजारी शेजारी मांडा. दिवसा अधिक दोन आणि रात्री उणे चार असा खेळ महिनाभर चालत असेल, तर दिवसा वितळलेलं पाणी रोज रात्री काचेसारखं गोठणार हे नक्की. पायी चालणाऱ्याला असं शहर कायम उणे पंधरा असलेल्या शहरापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

वाऱ्याचा हिशेब

आपल्या शरीराभोवती गरम हवेचा पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून नेतो, त्यामुळे त्वचा झपाट्याने गार पडते. याचा अंदाज देणारा आकडा म्हणजे ‘विंड चिल’. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून यासाठी एकच सूत्र वापरतात. त्यानुसार उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते शांत हवेतल्या उणे २० सारखं लागतं. उणे ५ अंश आणि ताशी ४० किलोमीटर वारा म्हणजे सुमारे उणे १४. घराबाहेर पडताना बघायचा तो हा आकडा.

विंड चिल उणे २८ च्या खाली गेला की उघड्या त्वचेला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. उणे ४० च्या खाली ही मुदत दहा मिनिटांच्याही आत येते. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गाल आणि बोटं आधी सापडतात. सुरुवातीला टोचतं, मग टोचणं थांबतं आणि तो भाग पांढुरका, मेणासारखा दिसू लागतो. गडद वर्णाच्या त्वचेवर हा रंगबदल लवकर लक्षात येत नाही, म्हणून डोळ्यांपेक्षा स्पर्शावर भरवसा ठेवा: चिमटा काढून काही जाणवत नसेल तर लगेच आत चला. तो भाग चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका, कारण पेशींत तयार झालेले बर्फाचे कण चोळल्याने आणखी इजा करतात. आत आल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोमट पाण्यात तो बुडवून ठेवा. शेकोटी किंवा हीटर वापरू नका, बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर गरम करायला सुरुवातच करू नका, आधी सुरक्षित ठिकाणी पोहोचा. संवेदना परतली नाही किंवा फोड आले तर डॉक्टर गाठा.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. हुडहुडी भरते तोवर शरीर झुंजत असतं. गारठलेल्या माणसाची हुडहुडी थांबली, बोलणं अडखळू लागलं, तो पेंगू लागला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. ही आणीबाणीची वेळ आहे. अशा वेळी दारू देणं घातक ठरतं. दारूने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, वरून ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते.

अंधार

थंडीवर कपड्यांचा उपाय आहे, अंधारावर तो नाही. हेलसिंकीत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सहा तासांपेक्षाही लहान असतो. ऑफिसला जाताना अंधार, परतताना अंधार, आणि मधला उजेड खिडकीतून दिसला तर दिसला. आणखी उत्तरेला, नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, तेवढाच.

याचा परिणाम झोपेवर, भुकेवर आणि मनावर होतो. दर हिवाळ्यात येणाऱ्या अशा नैराश्याचं पहिलं सविस्तर वैद्यकीय वर्णन १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. झोप फार येणं, गोड आणि पिठूळ पदार्थांची ओढ लागणं, माणसांत मिसळावंसं न वाटणं ही त्याची लक्षणं. आधी कधी नैराश्य आलेलं असेल, तर या मुद्द्याला पगाराइतकंच वजन द्या आणि निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

रोजचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दिवसाउजेडी बाहेर पडणं. ऑफिसमधल्या दिव्यांचा प्रकाश साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, आणि हिवाळ्यातल्या ढगाळ दुपारीही बाहेर त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटांची फेरी म्हणूनच फुकट जात नाही. दुसरा उपाय १०,००० लक्सचा दिवा. सकाळी उठल्यावर तासाभरात, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर तो ठेवून वीस ते तीस मिनिटं बसायचं. दिव्याकडे टक लावून बघायचं नसतं, तो थोडा बाजूला असला तरी चालतो. संध्याकाळी वापरला तर झोप उडते. बायपोलर आजार किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये.

ड जीवनसत्त्वाचंही असंच आहे. उत्तरेकडे हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की त्वचेला हे जीवनसत्त्व तयार करता येईल एवढे अतिनील किरण पोहोचतच नाहीत. उन्हात तोंड करून तासभर बसलं तरी उपयोग नाही. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आंतरराष्ट्रीय एकक, घेण्याचा विचार करावा असा सरकारी सल्ला आहे. गडद वर्णाच्या लोकांना तो वर्षभरासाठी आहे, कारण मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असलेल्या त्वचेला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं. जाण्याआधी रक्त तपासून पातळी माहीत करून घ्या, म्हणजे नंतर तुलना करता येते.

कपडे: पायांपासून सुरुवात

कपडे शक्यतो तिकडे पोहोचल्यावर घ्या. गरम प्रदेशातल्या दुकानांतले ‘हिवाळी’ कपडे थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस फिरून येण्याच्या बेताचे असतात. पोहोचल्याबरोबर लागेल तेवढं, म्हणजे थर्मल, एक बरं जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे, सोबत असलं की पुरे.

एका जाड कपड्यापेक्षा तीन थर चांगले, कारण ऊब थरांमध्ये अडकलेली हवा देते. आतला थर घाम त्वचेपासून दूर नेतो: मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर. सुती बनियन इथे घात करतं. सूत घाम शोषून घेतं, लवकर वाळत नाही, आणि बसस्टॉपवर उभं राहिलं की तेच ओलं कापड पाठीला बर्फासारखं चिकटतं. मधला थर फ्लीस किंवा लोकरीचा. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. पिसांचं जॅकेट कोरड्या कडाक्यात उत्तम, कारण वजनाच्या मानाने त्याची ऊब सर्वांत जास्त. ते भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. म्हणून ओल्या, शून्याच्या आसपासच्या हवेत कृत्रिम भरणाचं जॅकेट बरं. जॅकेट मांडीपर्यंत लांब असावं, नाहीतर बसताना कंबर उघडी पडते.

खरी परीक्षा पायांची. पाय गार पडण्याचं सर्वांत मोठं कारण घट्ट बूट हे आहे. जाड मोजे घालून बूट आवळला की रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि मोज्यांमधली हवाही दबून जाते. मग आणखी एक मोजा चढवला जातो आणि पाय आणखी गारठतात. बूट विकत घेताना हिवाळ्यातले मोजे घालूनच मापून बघा आणि नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्या. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. थंडी वरून जितकी येते तितकीच खालून, जमिनीतून येते, त्यामुळे तळवा जाड हवा आणि आत लोकरीचा किंवा फेल्टचा इनसोल हवा. बुटाच्या खोक्यावर ‘उणे ४०’ असं लिहिलेलं असतं, ते उत्पादकाचं म्हणणं असतं. सगळ्या कंपन्यांना लागू असलेलं एकच मोजमाप त्यामागे नसतं. तुम्ही चालताय की उभे आहात, यावरही बरंच अवलंबून असतं.

संध्याकाळी घरी आल्यावर इनसोल बाहेर काढून वाळवा. दिवसभरात पायांना बराच घाम येतो आणि तो इनसोलमध्ये मुरतो. न काढता बूट तसाच ठेवला, तर सकाळी तो कोरडा भासतो आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होऊ लागतात. इनसोलचे दोन जोड ठेवले की प्रश्न मिटतो. रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग चामड्यावर राहिले की चामडं तडकतं, ओल्या फडक्याने ते त्याच दिवशी पुसावेत.

हातांसाठी, कडाक्याच्या थंडीत पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र असणारे मिटन जास्त ऊब देतात, कारण बोटं एकमेकांना तापवतात. आत पातळ हातमोजे आणि वर मिटन घातले की किल्ली लावताना त्वचा उघडी पडत नाही. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं सांगतात ते खरं नाही. डोकं उघडं असेल तर साधारण त्याच्या क्षेत्रफळाइतकीच, म्हणजे सुमारे एक दशांश उष्णता जाते. कानटोपी हवीच, पण ती कानांसाठी. बर्फाळ ऊन पडतं तिथे गॉगल चैनीची गोष्ट नाही. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो आणि डोळे अक्षरशः भाजतात.

घर

कपड्यांवर खूप बोललं जातं, घरावर फार थोडं. हिवाळ्यात दिवसाचे वीस-बावीस तास छताखाली जातात, म्हणून हा क्रम उलटा हवा.

भाड्याचं घर बघताना पहिला प्रश्न: गरम करण्याचा खर्च भाड्यात आहे का? जर्मनीत यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत, ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग आणि इतर खर्चांसह भाडं. त्यातही हीटिंगची रक्कम बहुधा आगाऊ अंदाजाने घेतात आणि वर्षअखेरीला प्रत्यक्ष वापराप्रमाणे हिशेब होतो, तेव्हा मोठी थकबाकी निघू शकते. दुसरा प्रश्न: घर गरम कशाने होतं? फिनलंड, स्वीडन, डेन्मार्कच्या शहरांत गरम पाणी केंद्रीय संयंत्रातून नळाने इमारतींत येतं, तिथे सहसा चिंता नसते. साधे विजेचे हीटर बसवायला स्वस्त आणि चालवायला महाग. बाहेरची उष्णता ओढून आत आणणारा हीट पंप तेवढ्याच विजेत दोन-तीन पट उष्णता देतो, पण पारा उतरतो तसा त्याचा जोर घटतो. मागच्या भाडेकरूची जानेवारी-फेब्रुवारीची बिलं मागा. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये घराचं ऊर्जा प्रमाणपत्र दाखवणं बंधनकारक असतं, त्यात बहुधा ‘ए’ ते ‘जी’ अशी प्रतवारी असते. ‘एफ’ किंवा ‘जी’ असेल, तर कमी भाड्यातला फायदा बिलात निघून जातो. वर्षभराचं बिल बारा समान हप्त्यांत भरायची सोय अनेक कंपन्या देतात, ती घ्या.

मग घर हाताने तपासा. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेवरून ओला हात फिरवा, फट असेल तर गार झुळूक लगेच कळते. काचा दुहेरी आहेत की तिहेरी ते बघा. बाहेरच्या भिंतीचे कोपरे आणि कपाटामागची जागा टॉर्च लावून बघा. काळे ठिपके किंवा नुकताच मारलेला रंगाचा एखादाच चौकोन दिसला, तर तिथे बुरशी होती असं धरून चला.

बुरशी का येते, हे समजून घेतलं की निम्मं काम होतं. उणे २० अंशांची हवा दर घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम बाष्प धरू शकते, २० अंशांची हवा सुमारे १७ ग्रॅम. बाहेरची हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता पाच-सहा टक्क्यांवर येते. म्हणून कडाक्याच्या प्रदेशात ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसतो. तिथे हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांपर्यंत न्यावी. खिडकीच्या आतून पाण्याचे थेंब जमू लागले, तर तो कमी करावा. सौम्य आणि ओल्या प्रदेशात गोष्ट उलटी असते. तिथे बाहेरची हवाच दमट असते, आणि आपण आत स्वयंपाक करतो, अंघोळ करतो, खोलीत कपडे वाळत घालतो. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेतूनच दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं आणि ते सर्वांत गार भिंतीवर जमतं. तिथे दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडाव्यात. हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. दिवसभर एक फट ठेवली तर नेमकी फटीजवळची भिंत गार पडते आणि बुरशी तिथेच धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ठेवा.

दुसरी मोठी दुर्घटना नळ फुटण्याची. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. नळ बहुतेकदा बर्फाचा खडा जमतो तिथे फुटत नाही. बर्फ आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि पाइप तिथे फाटतो. तोटी बारीक धारेने चालू ठेवायला सांगतात ते यासाठी, तो दाब निघून जातो. गावाला जाताना हीटिंग पूर्ण बंद करू नका, १२-१३ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि पाण्याची मुख्य चावी बंद करा. हिवाळ्यात घर काही दिवस रिकामं असेल तर कुणीतरी येऊन बघून जावं, अशी अट कॅनडातल्या अनेक गृहविम्यांत असते. ती वाचली नाही तर नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

गॅस, तेल किंवा लाकडावर घर गरम होत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. जळणातून निघणाऱ्या या विषारी वायूला वास नसतो. हिमवादळानंतर घर तापवणाऱ्या भट्टीचं धुराडं किंवा भिंतीतून बाहेर काढलेली धुराची नळी बर्फाने बुजली आहे का, ते आधी बघावं. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी घरात पेटवू नये.

रस्ता, पायी आणि गाडीने

नव्या माणसाला बहुतेक इजा साध्या चालण्यात होतात. पडताना आपण हात पुढे टेकतो आणि मनगट मोडतं. पावलं लहान ठेवा, वजन पुढच्या पायावर असू द्या, हात खिशाबाहेर. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे स्वस्त असतात, निसरड्या दिवसांसाठी बॅगेतच ठेवा, पण दुकानाच्या किंवा स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर पाय ठेवण्याआधी काढा, तिथे तेच घसरतात. साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून जास्त थंड शहरांत रस्त्यावर वाळू किंवा बारीक खडी टाकतात. थंडी ओसरू लागली की छतांखालून चालू नका, वरून बर्फाचे सुळके पडतात.

गाडी घेणार असाल तर विंटर टायरचा खर्च सुरुवातीपासून धरा. साध्या टायरचं रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊ लागतं आणि पकड जाते, बर्फ असो वा नसो. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असलं पाहिजे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर सक्तीचे आहेत. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर, आणि फिनलंडमध्ये नोव्हेंबर ते मार्च हवा किंवा रस्ता तसा असेल तर. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब दीड-दोन पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो. उणे १८ ला बॅटरीची इंजिन चालू करण्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. विनिपेगसारख्या शहरांत गाड्यांच्या पुढून वायर लोंबताना दिसते ती इंजिन तापवणाऱ्या हीटरची. निघण्याआधी दोन-चार तास ती विजेला जोडली की पुरते, रात्रभर नको. गाडी बर्फात अडकली तर आत बसून इंजिन चालू करण्याआधी धुराच्या नळीभोवतीचा बर्फ उकरा.

मोबाइलची बॅटरीही गारठ्यात अचानक मान टाकते. फोन आतल्या खिशात ठेवा आणि गोठलेला फोन लगेच चार्ज करू नका. शून्याखाली चार्ज केल्याने लिथियम बॅटरीचं कायमचं नुकसान होतं.

आजार, औषधं, मुलं

दमा असेल तर गार कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात. नाकातोंडावर पट्टी असली की आत जाणारी हवा थोडी तापते. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी फावड्याने बर्फ उपसण्याचं काम दुसऱ्याला द्यावं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांना थंडीने तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. इन्शुलिन एकदा गोठलं की निकामी होतं, वितळून ते पूर्ववत होत नाही. बाहेर नेताना इन्शुलिनचं पेन शरीरालगतच्या खिशात हवं, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नको, आणि गाडीत तर अजिबात सोडू नये.

मुलं थंडीला लवकर सरावतात, मात्र त्यांचं सामान जास्त लागतं. नॉर्वे, फिनलंडमधल्या बालवाड्यांत मुलं थंडीतही रोज बाहेर खेळतात, त्यामुळे मिटनचे दोन-तीन जोड आणि मोज्यांचा सुटा जोड तिथे ठेवावा लागतो. मफलरपेक्षा गळ्यात घालायची नळी बरी, ती कशात अडकत नाही. आणि गाडीतल्या बेबी सीटवर फुगीर जॅकेट घालून मुलाला बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढून पट्टा लावा आणि ते उलटं करून वरून पांघरा.

कधी जायचं

जमत असेल तर ऑगस्ट किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला पोहोचा. घर शोधणं, बँक, शाळा ही कामं उजेडात होतात आणि शरीराला दोन महिने मिळतात. जानेवारीत सामान घेऊन उतरलं की सगळं एकदम अंगावर येतं.

पण कायमचं ठरवण्याआधी आठवडाभर राहून यायचं असेल, तर उन्हाळ्यात जाऊ नका. कॅनडाच्या आतल्या भागासारखं कोरडं, बर्फाळ ठिकाण असेल तर जानेवारीच्या अखेरीला जा. किनाऱ्यावरच्या ओल्या शहरासाठी नोव्हेंबर निवडा. तेव्हा पानं गळून गेलेली असतात आणि उजेड परतवायला बर्फही पडलेला नसतो. हॉटेलऐवजी ज्या वस्तीत राहायचा विचार आहे तिथे खोली घ्या. कामाच्या दिवशी सकाळी आठला बसस्टॉपवर उभे राहा, दुपारी चारला मुलांच्या शाळेपासून घरापर्यंत चालत या, आणि वाटेत बाजाराच्या दोन जड पिशव्या हातात असू द्या.